इयत्ता आणि अधिकार : पायऱ्यांच्या बालकथेचा एक नीतिप्रश्न

‘इयत्ता’ हा शब्द मराठीत आता केवळ शाळेपुरता उरला आहे. संस्कृतात त्याचा अर्थ ‘इतकेपणा’, म्हणजे एखाद्या वस्तूचे माप किंवा तिची मर्यादा असा आहे. मूल चौथ्या इयत्तेत आहे असे म्हणताना त्याचे माप सांगितले जाते, हे शब्दाच्या सवयीमुळे जाणवेनासे झाले आहे. या शब्दाच्या शेजारी उभा करून पाहावा असा दुसरा शब्द म्हणजे ‘अधिकार’. शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन आणि संबंध यांच्या बरोबरीने त्या ग्रंथाचा अधिकारी कोण हेही सांगण्याची रीत होती. अधिकारी ठरवण्याची भाषा पात्रतेची असे. पण व्यवहारात ती पात्रता बहुधा जन्मावरून ठरे आणि मोठा समाज ग्रंथाच्या दाराबाहेरच राही. प्राथमिक शाळेतील मुलांसाठी वाचनाच्या पायऱ्यांनुसार गोष्टींची पुस्तके निवडणे हा वरवर पाहता अध्यापनशास्त्राचा, म्हणजे समीक्षेने दखल घेऊ नये असा प्रश्न वाटतो. परंतु कोणी काय वाचावे हे दुसऱ्या कोणी ठरवणे ही कृती मूलतः नैतिक आहे, आणि जे वाचायचे ती ‘गोष्ट’ असल्यामुळे ती वाङ्मयीनही आहे.

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून तो एका ठिकाणी उभा करून पाहणे बरे. बीड जिल्ह्यातील पाली हे गाव बीड शहराच्या दक्षिणेस, सोलापूर–धुळे महामार्गालगत आहे. बिंदुसरेवरील धरण त्याच्या जवळच आहे. धरण जवळ असले तरी जिल्हा अवर्षणप्रवणच. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील गावांतून आणि तांड्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, त्या उन्हाळ्यातच परततात. मुले कधी आईबापांबरोबर जातात, कधी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा परिसरातील जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीच्या वर्गात बसलेली दहा वर्षांची एक मुलगी कल्पावी. तिचे तीन हिवाळे उसाच्या फडावर गेले आहेत. धाकट्या भावाला सांभाळणे, चूल पेटवणे, वाढे विकून आलेले पैसे मोजणे हे तिला येते; मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली की नाही यावरून कोपीत चालणारे बोलणे तिला कळते. वाचनात मात्र ती सुटे शब्द ओळखते आणि सलग वाक्यात अडखळते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या चौथ्या कलमाने शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद केली. त्यामागील हेतू योग्यच होता. त्यामुळे वयाने पाचवीत आणि अक्षराने पहिलीत असे मूल वर्गात बसू शकते. शिक्षकाला या मुलीसाठी कपाटातून एक पुस्तक काढायचे आहे.

येथे एक भावुक उत्तर पटकन सुचते : पायऱ्यांची भानगडच नको, मुलाला हवे ते पुस्तक घेऊ द्यावे. दानिएल पेनाक या फ्रेंच शिक्षक-कादंबरीकाराने १९९२ मध्ये वाचकाच्या हक्कांची जी सनद मांडली तिच्यात न वाचण्याचा आणि पुस्तक अर्धवट टाकण्याचाही हक्क आहे, आणि ती सनद मोठी मोहक आहे. परंतु पुस्तक टाकण्याचा हक्क ज्याला वाचता येते त्यालाच असतो. ज्याला वाक्य पेलत नाही तो पुस्तक टाकत नाही. पुस्तकच त्याला टाकते. वरच्या पायरीचे पुस्तक हाती देऊन ‘स्वातंत्र्य’ बहाल करणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला नदीचे स्वामित्व देण्यासारखे आहे. तेव्हा पायऱ्या हव्यात. मुलाला अक्षर, शब्द आणि वाक्य यांच्या चढत्या क्रमाने नेणारे साहित्य हवे, आणि ते पुष्कळ हवे. हे मान्य केल्यावरच खरा प्रश्न सुरू होतो : पायरी नेमकी कशाची मोजायची, आणि त्या मापाचा अंमल कोठवर चालू द्यायचा?

‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २००५ पासून ग्रामीण भागात होणाऱ्या सर्वेक्षणाची वाचनचाचणी अनेक शाळांना परिचित आहे. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असा तिचा क्रम आहे. या चाचणीने मोठे काम केले. मुले शाळेत येतात पण वाचू शकत नाहीत ही दडलेली गोष्ट तिने उघड्यावर आणली. तथापि समीक्षकाने थांबावे असे तिच्यात एक स्थळ आहे. ‘गोष्ट’ हे येथे वाङ्मयप्रकाराचे नाव नसून सर्वांत वरच्या पायरीचे नाव झाले आहे. जी गोष्ट मुलाने आजीच्या मांडीवर अक्षरओळखीच्या कितीतरी आधी ऐकली, ती या क्रमात सर्वांत शेवटी येते. जीवनात गोष्ट आधी आणि अक्षर मागाहून. शाळेत अक्षर आधी आणि गोष्ट बक्षिसासारखी शेवटी. मापनाच्या सोयीसाठी ही उलटापालट क्षम्य आहे. परंतु तीच पुढे पुस्तकनिवडीचे सूत्र बनली की खालच्या पायरीवरील मुलाला गोष्टच मिळत नाही. मिळतात ती गोष्टीचा वेष घेतलेली अक्षरे. मांजर आले, मांजर बसले, मांजर गेले. का आले आणि का गेले हे विचारण्याची त्यात सोय नसते, कारण लिहिणाऱ्यानेही ते स्वतःला विचारलेले नसते.

मराठीत या पुस्तकांना नीटसे नावही नाही, आणि तो योगायोग नसावा. हिंदीत राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २००८ मध्ये ‘बरखा’ ही पहिली-दुसरीच्या मुलांसाठी चार स्तरांत विभागलेल्या ४० पुस्तकांची ‘क्रमिक पुस्तकमाला’ काढली. मराठीत मात्र ‘क्रमिक पुस्तक’ म्हणजे पाठ्यपुस्तक; ते अभ्यासायचे, त्याच्यावर प्रश्न यायचे. त्याच्या बाहेरचे सगळे ‘अवांतर’. एका शब्दात सक्ती आहे आणि दुसऱ्यात किंचित हेटाळणी. पायऱ्यांची गोष्ट या दोहोंच्या मध्ये पडते : ती क्रमाने यायची, पण आनंदासाठी वाचायची. पाठ्यपुस्तकाचा न्याय तिला लावला तर आनंद जातो, अवांतराचा लावला तर क्रम जातो. ‘वाचू आनंदे’ सारख्या संकलनात माधुरी पुरंदरे यांनी बालगट आणि कुमारगट असे सैल विभाग करून उत्तम साहित्याचे वेचे एकत्र केले. त्या सैलपणात शहाणपण आहे. पण सुट्या शब्दांवर असलेल्या मुलीला बालगटातील उताराही अद्याप दूरच आहे. तिच्यासाठी लिहिलेच जायला हवे.

आणि लिहायचे म्हटले की मराठी भाषा आपल्या अटी पुढे करते. इंग्रजीतील सुबोधतेची सूत्रे, रुडॉल्फ फ्लेशच्या १९४८ च्या सूत्रापासून, वाक्यातील शब्द आणि शब्दातील अवयव मोजतात. मराठीत वाक्य आखूड केल्याने ते सोपे होतेच असे नाही. येथे शब्द वाक्यात शिरताना आपले रूप बदलतो : पाणी पाण्यात जाते, रस्ता रस्त्यावर येतो. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाची खरी अडचण जोडाक्षरांची असते, आणि म्हणून ‘जोडाक्षरविरहित’ गोष्टी लिहिण्याची पद्धत शाळाशाळांतून रूढ आहे. या अटीचा गोष्टीच्या अंतरंगावर काय परिणाम होतो याचा विचार मात्र झालेला दिसत नाही. तो थोडा तपशिलाने करण्यासारखा आहे.

पहिला बळी ‘म्हणाला’ या क्रियापदाचा जातो, कारण त्याच्या आरंभीच जोडाक्षर आहे. हिंदीतील ‘कहा’ सुटतो, मराठीतील ‘म्हणाला’ अडकतो. म्हणूनच हिंदीत पहिल्या पायरीवर असलेली गोष्ट मराठीत भाषांतरित झाली की आपोआप पहिल्या पायरीवर राहत नाही. प्रथम बुक्सच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या मुक्त संग्रहात पहिल्या पातळीसाठी २५० पेक्षा कमी, दुसऱ्या पातळीसाठी ६०० पर्यंत आणि तिसऱ्या पातळीसाठी १,५०० पर्यंत शब्द असे साधारण माप आहे. अनेक भाषांना एकत्र धरणाऱ्या संग्रहाला असे मापच शक्य असते. पण मराठीतील काठिण्य शब्दसंख्येत कमी आणि सामान्यरूपात अधिक असते, हे त्यातून सुटते. ‘म्हणाला’ गेला की संवाद जातो किंवा ‘बोलला’ या जरा परक्या वाटणाऱ्या शब्दावर भागवावे लागते. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. ‘तिला’, ‘तिने’, ‘तिची’ ही रूपे सुटी आहेत. ‘त्याला’, ‘त्याने’, ‘त्याची’ ही जोडाक्षरी आहेत. म्हणजे जोडाक्षर टाळणाऱ्या गोष्टीत मुलगी कर्ता, कर्म आणि स्वामी अशा सर्व नात्यांनी वावरू शकते, तर मुलाला केवळ ‘तो’ म्हणून येता-जाता येते. मराठी व्याकरणाने पहिल्या पायरीची नायिका ठरवून ठेवली आहे. लेखकांनी मात्र तेथे बहुधा मुलगाच बसवला आणि मग त्याच्या नावाची पुनरुक्ती करीत राहिले.

तिसरा बळी ‘म्हणून’. कार्यकारणाचा हा दुवा गेल्यावर वाक्ये एकमेकांशेजारी नुसती उभी राहतात. (जोडाक्षरविरहित गोष्टीला ‘तात्पर्य’ हा शब्दही लिहिता येत नाही, हा तिचा दुर्लक्षित गुण मानावयास हरकत नाही.) सामान्य समजूत अशी की दुवे गळाल्यामुळे अशी गोष्ट उथळच होणार. ही समजूत तपासून पाहावी. फडावरील त्या मुलीच्या जगातील शब्द घ्यावेत : ऊस, फड, मोळी, पाचट, टोळी, बैल, गाडी, कोपी, मुकादम, उचल. त्यांत एकही जोडाक्षर नाही. ‘कोयता’ सुटा आहे, ‘कोयत्याने’ मात्र नाही. तेवढी काळजी घ्यावी लागेल. आता समजा कोणी असे लिहिले : बाळ रडत होते. तिने झोका दिला. आई फडात होती. ऊस उंच होता. आई दिसेना.

ही पाच वाक्ये कोणत्याही मापाने पहिल्या पायरीची आहेत. सर्वांत लांब वाक्य तीन शब्दांचे आहे. पण ‘ऊस उंच होता’ आणि ‘आई दिसेना’ यांच्यामध्ये जो ‘म्हणून’ लिहिलेला नाही तो वाचणाऱ्याला स्वतः भरावा लागतो, आणि तो भरताना तिला उसाच्या भिंतीपलीकडची आई शोधावी लागते. ‘दिसेना’ या एका रूपात पाहण्याचा प्रयत्न आणि त्याचे अपयश दोन्ही आहेत. ती पाहत होती असे वेगळे सांगावे लागत नाही. वोल्फगांग इझरने संहितेतील ज्या रिक्त जागांना वाचनव्यापाराचे चालकतत्त्व मानले, त्या येथे काठिण्याच्या मर्यादेनेच निर्माण केल्या आहेत. तेव्हा अक्षराची मर्यादा ही आशयाची मर्यादा असते, हे गृहीतकच चुकीचे आहे. मर्यादा रूपावर पडते. तिचे सोने करायचे की माती, हे लिहिणाऱ्यावर आणि निवडणाऱ्यावर अवलंबून राहते. १९५७ मध्ये डॉ. स्यूस या अमेरिकन लेखकाने २३६ वेगवेगळ्या शब्दांत ‘द कॅट इन द हॅट’ लिहिले, तेव्हा त्या आखलेल्या शब्दसंचातून निघाले ते आईच्या गैरहजेरीत घरात शिरलेल्या गोंधळाचे, आणि तो आईला सांगावा की नाही या प्रश्नाचे पुस्तक. शब्द मोजून दिले होते, मुलांची बुद्धी मोजलेली नव्हती.

हा भेद भारतीय कथापरंपरेला अपरिचित नाही. पंचतंत्राची चौकटकथा मुळात ‘मागे पडलेल्या’ विद्यार्थ्यांची कथा आहे. राजाचे तीन पुत्र अभ्यासात मंद. विष्णुशर्मा त्यांना सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकवण्याचे मान्य करतो आणि त्यासाठी गोष्टी निवडतो. त्या गोष्टींत विश्वासघात आहे, मैत्रीचा भंग आहे, मूर्ख राजे आणि कपटी मंत्री आहेत. मंद मुलांना मंद मजकूर द्यावा असे विष्णुशर्म्याला सुचले नाही. अर्थात ते राजपुत्र होते. त्यांना पुढे राज्य करायचे आहे हे ठाऊक असल्यामुळे त्यांच्या बुद्धीविषयीचा धीर सुटला नाही. मुलाच्या भवितव्याविषयी अपेक्षा असली की त्याच्या आजच्या पायरीकडे तात्पुरती अडचण म्हणून पाहिले जाते. अपेक्षा नसली की तीच पायरी त्याचा स्वभाव ठरते.

महानुभावांचे उदाहरण याहून जवळचे आहे. केशिराजबासांनी संकलित केलेल्या ‘दृष्टांतपाठा’त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी मांडणी आहे, दृष्टांताची भाषा घरगुती, वाक्ये छोटी, आणि त्यातून सांगायचे ते तत्त्वज्ञान. नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशिराजबासांना परावृत्त केले, कारण त्यामुळे पंथातील म्हाताऱ्या स्त्रिया वंचित राहतील, हा ‘स्मृतिस्थळा’तील प्रसंग मराठीचा अभिमान सांगण्यासाठी नेहमी वापरला जातो. त्याचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. नागदेवाचार्यांनी म्हातारीसाठी भाषा बदलायला लावली. तिच्यासाठी वेगळे, हलके तत्त्वज्ञान काढायला सांगितले नाही. अधिकारभेदाची जुनी चौकट येथे मोडते, कारण ग्रंथाला आपल्या वाचकापाशी यावे लागते आणि येताना काही मागे ठेवून यायची परवानगी नसते. पायऱ्यांच्या पुस्तकांची नीती सांगायची तर याहून नेमकी जागा मराठीत शोधून सापडणे कठीण.

आशय गाळण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या पुस्तकात दायांनी मुलांना कोणत्या कथा सांगाव्यात यावर पहारा बसवला, रूसोने ‘एमिल’मध्ये मुलांना प्राणिकथा कळतच नाहीत असे सांगून त्या बाजूला सारल्या आणि पुढे पहिले पुस्तक म्हणून ‘रॉबिन्सन क्रूसो’ दिले. मराठीत १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ आल्या, तेव्हापासून बोध हा बालवाचनाचा परवानाच ठरला. या सर्वांचा पहारा उघड होता. त्यांच्याशी भांडता येते. पायऱ्यांच्या पुस्तकांतील पहारा मात्र तांत्रिक वेषात येतो. मरण, भूक, कर्ज, भीती हे विषय ‘या पातळीला योग्य नाहीत’ असे म्हटले जाते, आणि पातळी हा शब्द अक्षराच्या मोजमापातून आलेला असल्यामुळे त्याला प्रतिवाद होत नाही. वस्तुतः ‘मरण’ हा शब्द ‘मृत्यू’पेक्षा सोपा आहे, अडचण अक्षराची नाही. पालीलाच ‘इन्फंट इंडिया’ ही एचआयव्हीबाधित मुलांचा सांभाळ करणारी संस्था आहे. आजार आणि वियोग ज्यांच्या बालपणात न विचारता शिरले त्यांच्यासाठी कथेतील मरण ‘वयाला न झेपणारे’ ठरवणारा प्रौढ मुलांना वाचवीत नसतो. स्वतःला अवघड संभाषणातून वाचवीत असतो.

परंतु येथेच दुसऱ्या बाजूचा धोका आहे, आणि तो सहृदय निवडणाऱ्यालाच अधिक आहे. ऊसतोडणीच्या घरातील मुलीला ऊसतोडणीचीच गोष्ट द्यावी, हे सूत्रही तिचे मापच काढते. फक्त या वेळी माप अक्षराचे नसून जन्माचे असते. देशीयतेच्या चर्चेतून मराठी समीक्षेने एवढे तरी शिकायला हवे होते की मुळे सांगणे आणि खुंटीला बांधणे यांत अंतर असते. वर रचून दाखवलेली पाच वाक्ये ती मुलगी वाचील आणि कदाचित पुस्तक मिटवील. तिला समुद्र हवा असेल, बाजारात शिरलेला हत्ती हवा असेल, निखळ वात्रटपणा हवा असेल. फडावरच्या उन्हाची गोष्ट वाचून ज्याचे डोळे पाणावतात तो बहुधा शहरातील प्रौढ असतो, आणि त्याच्या पाणावलेल्या डोळ्यांसाठी लिहिलेले साहित्य मुलांच्या कपाटात भरणे हा वंचिततेचा आणखी एक उपयोग होय. बंजारा तांड्यावरून आलेल्या मुलाची घरची बोलीच वेगळी असते. त्याच्यापुढे ‘तुझे जग’ म्हणून ठेवलेले प्रमाण मराठीतील पुस्तक खरोखर कोणाचे जग असते, हाही प्रश्न आहेच. ओळखीची गोष्ट आणि अनोळखी गोष्ट यांवर मुलाचा सारखाच हक्क आहे. एक दिल्याने दुसरी देण्याची जबाबदारी संपत नाही.

मग निवडणाऱ्याच्या हाती काय उरते? एवढेच, की एक पुस्तक न देता चार ठेवावीत, चारही त्या मुलीच्या अक्षराला पेलणारी असावीत, आणि त्यांतील किमान एक तरी तिच्या वयाला शोभणारे असावे. हे शेवटचे सर्वांत दुर्मीळ आहे. पहिल्या पायरीच्या पुस्तकांवर सहा वर्षांच्या मुलासाठीचे चित्र असते, मजकूर सहा वर्षांच्या मुलाशी बोलतो, आणि पाठीवर पातळीचा रंग किंवा आकडा छापलेला असतो. दहा वर्षांची मुलगी ते पुस्तक वर्गात हातात धरते तेव्हा तिने किती वाचले यापेक्षा ती कोठे उभी आहे हेच सर्वांना दिसते. लाज ही वाचनातील सर्वांत अवघड जोडाक्षर आहे. ती कोणत्याही सूत्रात मोजली जात नाही. एडिनबरा येथील बॅरिंग्टन स्टोक या प्रकाशनसंस्थेने १९९८ पासून वाचनात मागे राहिलेल्या मुलांसाठी वयाला साजेसा विषय आणि सोपी मांडणी यांची पुस्तके काढली, आणि ती नावाजलेल्या लेखकांकडून लिहून घेतली. मराठीत असे काम विरळच. त्याचे कारण आर्थिक सांगितले जाते. ते काही अंशी खरेही आहे. पण दुसरे कारण असे की दोनशे शब्दांची गोष्ट लिहिणे हे मराठी लेखकाला आपल्या प्रतिष्ठेचे काम वाटत नाही, आणि त्याला ते तसे वाटू न देण्यात समीक्षेचा वाटा आहे.

मराठी समीक्षेकडे बालकथेविषयी बोलण्यासाठी फार थोडे शब्द आहेत : संस्कारक्षम, मनोरंजक, बालसुलभ. या शब्दांनी ‘श्यामची आई’ची आणि एखाद्या आठ पानी चित्रपुस्तकाची बोळवण सारख्याच सहजतेने होते. जी. ए. कुलकर्णींनी ‘बखर बिम्मची’ लिहिली तेव्हा मोठ्या कथाकाराचा विरंगुळा म्हणून तिच्याकडे पाहणे सोयीचे गेले. तिच्यातील वाक्यांचा तोल, तिच्यातील मुलाच्या तर्काची शिस्त यांचा विचार ‘काजळमाया’च्या गंभीरपणाने करावा असे क्वचितच कोणाला वाटले. सोपेपणा हा रूपाचा गुण आहे की रूपाचा अभाव आहे, याचा निर्णय झाल्याशिवाय पहिल्या पायरीच्या चांगल्या आणि वाईट गोष्टींत फरक करता येणार नाही. तो फरक कोणीच केला नाही तर पुस्तकांची निवड शब्दसंख्येवरच होत राहणार, कारण शब्दसंख्या निदान मोजता येते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचण्याचे लक्ष्य ठेवले. मिनिटाला साठ शब्द हे लक्ष्य म्हणून वाईट नाही. पण कोणते साठ, हे अभियान सांगू शकत नाही. ते सांगणे त्याचे कामही नव्हे.

शिक्षकाची अडचण येथे कमी लेखू नये. एका वर्गात पाच पायऱ्यांची मुले, कपाटात मिळाली ती पुस्तके, आणि दिवाळीनंतर निम्मा वर्ग गावात नसण्याची शक्यता. अशा शिक्षकाला नीतिशास्त्र ऐकवणे सोपे आहे. तरी निवडीचा क्षण त्याच्याच हातून घडतो, आणि त्या क्षणी त्याच्यापाशी एक अशी गोष्ट असते जी पुस्तक तयार करणाऱ्यापाशी किंवा पातळी ठरवणाऱ्यापाशी नसते : तो त्या मुलीला ऐकू शकतो. तिला वाचता येते ते आणि तिला सांगता येते ते यांतील अंतर त्याला रोज ऐकू येते. फडावर रात्री काय झाले हे ती मधल्या सुट्टीत दहा-बारा वाक्यांत सांगते तेव्हा तिच्यात कार्यकारण असते, उत्कंठा असते, कोणाचे तरी सोंग असते. ‘म्हणाला’ आणि ‘म्हणून’ तिच्या बोलण्यात सहज येतात. लेव्ह विगॉट्स्कीने मूल एकट्याने करू शकते ते आणि कोणाच्या सोबतीने करू शकते ते यांमधील क्षेत्राला जे महत्त्व दिले ते येथे लागू पडते. वरच्या पायरीची गोष्ट तिला एकटीला वाचता येणार नाही, पण वाचून दाखवता येईल. तिने सांगितलेली गोष्ट तिच्याच शब्दांत फळ्यावर उतरवता येईल आणि उद्या ती स्वतः वाचील. पालघर जिल्ह्यात सोनाळे येथून काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ या संस्थेच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात पुस्तकातील गोष्टी मुलांसमोर नाट्यरूपाने सादर केल्या जातात. गोष्ट पुन्हा अक्षराच्या आधी येण्याचा तो एक मार्ग आहे.

शाळेच्या नोंदवहीत मुलीच्या नावापुढे पातळीचा रकाना असतो : ऑक्टोबरमध्ये ‘शब्द’, आणि ती परत आली तर एप्रिलमध्ये ‘परिच्छेद’ किंवा पुन्हा ‘शब्द’. तिने कोणते पुस्तक दुसऱ्यांदा मागून घेतले, कोणते तिसऱ्या पानावर मिटवले आणि कोणत्या पुस्तकातील चित्र धाकट्या भावाला दाखवण्यासाठी घरी नेऊ का असे विचारले, यासाठी त्या वहीत रकाना आखलेला नाही.